दुभाष्याची परीक्षा

हैदराबादेतील दिलसुखनगरच्या हमरस्त्याने जो कोणी एकदा गेला असेल, त्याला तेथील पाट्यांचा विसर पडणे कठीण. मेट्रोच्या स्थानकाखाली, बसच्या आगाराभोवती आणि आतल्या गल्ल्यांतून शिकवणी-वर्गांच्या पाट्या एकीवर एक चढलेल्या दिसतात. सरकारी नोकरीच्या परीक्षांचे वर्ग, बँकेच्या परीक्षांचे वर्ग, आणि संगणकाच्या भाषांचे वर्ग. तेलंगणाच्या खेड्यापाड्यांतून, आंध्रातून आणि आपल्या नांदेड-देगलूरकडूनही मुले येथे येतात, वसतिगृहात एक खाट भाड्याने घेतात आणि सी, जावा, पायथन या भाषांचे धडे गिरवतात. या भाषांत कोणी कोणाशी बोलत नाही. त्यांत फक्त यंत्राला आज्ञा लिहावयाच्या असतात, आणि अशा आज्ञांच्या मालिकेला आज्ञावली अथवा प्रोग्रॅम म्हणतात, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असेलच.

या वर्गांतून, आणि पुढे नोकरीच्या मुलाखतींतून, एक प्रश्न वर्षानुवर्षे विचारला जात आला आहे. सी भाषेत एका खणात ५ ही संख्या ठेवली आहे. त्या खणात एक मिळवा आणि जी संख्या होईल ती घ्या. त्याच खणात पुन्हा एक मिळवा आणि जी होईल ती घ्या. या दोहोंची बेरीज किती? लिहिताना हे सारे एकाच ओळीत, अधिकाची चिन्हे जोडीजोडीने मांडून लिहितात. साधा हिशेबी माणूस म्हणेल : पहिल्याने ६, नंतर ७, मिळून १३. क्लँग नावाच्या साधनाने ही ओळ चालविली तर उत्तर १३ येते. जी. सी. सी. नावाच्या साधनाने चालविली तर १४ येते, कारण ते दोन्ही वेळा मिळवणी आधी उरकून घेते आणि मग खणात जे ७ उरले ते दोनदा वाचते. यंत्र तेच, ओळ तीच, आणि उत्तरे मात्र दोन! परीक्षकाच्या हाती असलेल्या कागदावर यांपैकी एकच छापलेले असते, आणि त्या एका गुणावर कोणाची तरी नोकरी अडलेली असते.

मग खरे कोणते? हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. त्याचे उत्तर देण्यासाठी गेली साठाहून अधिक वर्षे जगातील विद्वानांनी एक स्वतंत्र शास्त्रच उभे केले आहे. आज त्याविषयीच चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

प्रथम एक भेद ध्यानी घेतला पाहिजे. भाषा निराळी आणि ती यंत्राला समजावून सांगणारा दुभाष्या निराळा. यंत्राला केवळ शून्य आणि एक यांच्याच रांगा कळतात. माणसाने लिहिलेल्या आज्ञांचे त्या रांगांत भाषांतर करणारी जी आज्ञावली असते, तिला कंपायलर म्हणतात. जी. सी. सी. आणि क्लँग हे असेच दोन दुभाषे होत. त्यांपैकी जी. सी. सी. १९८७ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी सर्वांसाठी मोफत खुला केला, आणि त्याच्या अंतरंगाचा अभ्यास करण्यासाठी पवईच्या आय. आय. टी.त प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने एक केंद्रही उभे राहिले. भाषा मात्र या दुभाष्यांच्या पोटात नसते. ती असते एका लिखित संहितेत. सी भाषेची अशी संहिता १९८९ साली अमेरिकेत आणि पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य झाली. दुभाष्याने संहितेबरहुकूम वागावे, असा करार आहे.

हा करार कसा मोडतो, आणि कधी कधी मोडल्यासारखा नुसता भासतो, हे समजण्यास हैदराबादचाच एक जुना दाखला उपयोगी पडेल. मराठवाड्यातील वृद्ध मंडळींच्या तोंडून 'हाली' आणि 'कलदार' हे शब्द आपण ऐकले असतील. निजामाच्या राज्यात हाली रुपया चाले आणि सरहद्द ओलांडून सोलापुरास गेले की इंग्रजी कलदार. दोहोंचे नाव रुपयाच. पण साधारणतः सात हाली रुपयांना सहा कलदार रुपये मिळत. यात लबाडी कोणाचीच नव्हती. 'रुपया' म्हणजे किती चांदी, हे ज्या त्या दरबाराने ठरविलेले होते एवढेच. संस्थान भारतात विलीन झाल्यावरही काही वर्षे हे चालले आणि १९५९ साली हाली नाणे व्यवहारातून गेले.

सी भाषेत पूर्ण संख्या ठेवण्याच्या खणाला 'इंट' म्हणतात. तो किती मोठा असावा हे संहितेने दुभाष्यावर सोपविले आहे. उणे ३२,७६७ पासून अधिक ३२,७६७ पर्यंतच्या संख्या तरी त्यात मावल्या पाहिजेत, एवढीच मूळ संहितेतील किमान अट होती. बोर्लंड कंपनीचा टर्बो सी हा दुभाष्या १९८७ साली निघाला, आणि त्याचा तो निळा पडदा आपल्याकडील असंख्य वर्गांत पुढे कित्येक वर्षे, मूळ कंपनीने त्याकडे पाठ फिरविल्यावरही, टिकून राहिला. त्याचा इंट दोन बाइटांचा. त्यात २०० गुणिले २०० करून पाहिले तर ४०,००० च्या जागी उणे २५,५३६ असे चमत्कारिक उत्तर दिसते. आजच्या दुभाष्यांचा इंट बहुधा चार बाइटांचा, म्हणून तेथे ४०,००० बिनचूक येतात. खणाच्या मापापुरते दोघेही संहितेला धरूनच आहेत. एक हाली, दुसरा कलदार.

परंतु आपला १३ आणि १४ चा तंटा या जातीचा नाही. संहिता येथे दुभाष्याला 'तू ठरव' असेही म्हणत नाही. ती सरळ हात वर करते. एकाच ओळीत, मध्ये कोणताही विसावा न देता, एकाच खणात दोनदा बदल करणारी आज्ञा लिहिली तर तिचा अर्थ काय, याविषयी संहितेने काहीही बंधन घातलेले नाही. १३ चालेल, १४ चालेल, किंबहुना दुभाष्याने काहीच भलतेसलते केले तरी त्याच्यावर दोष येत नाही. जावा भाषेच्या संहितेत मात्र डावीकडून उजवीकडे जाण्याचा क्रम स्पष्ट सांगितला आहे. तेथे उत्तर १३ च, आणि १४ सांगणारा दुभाष्या खोटा.

आता मुख्य विषयाकडे वळू. संहिता कागदावर आणि दुभाष्या यंत्रात. दुभाषा संहितेप्रमाणे वागतो की नाही हे पाहावे कोणी आणि कसे?

या प्रश्नाची निकड प्रथम भासली ती व्यापारी हिशेबांसाठी काढलेल्या कोबोल या भाषेच्या बाबतीत. १९५९ साली अमेरिकेत सरकार आणि यंत्रे विकणाऱ्या कंपन्या यांनी एकत्र बसून ही भाषा आखावयास घेतली. हेतू हा, की एका कंपनीच्या यंत्रासाठी लिहिलेला हिशेब दुसरीच्या यंत्रावर पुन्हा लिहावा लागू नये. डिसेंबर १९६० मध्ये जवळजवळ एकच आज्ञावली आर. सी. ए. आणि रेमिंग्टन रँड अशा दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या यंत्रांवर चालवून दाखविण्यात आली, आणि हे शक्य आहे अशी खात्री पटली. पण एक आज्ञावली चालणे आणि भाषा चालणे यांत महदंतर आहे. लवकरच जो तो विक्रेता 'आमच्याकडे कोबोल आहे' असे म्हणू लागला आणि प्रत्येकाचे कोबोल थोडेथोडे निराळे निघू लागले. आडत बाजारात प्रत्येक दुकानी शेर असतो, पण त्याचे वजन करून पाहावे लागते, तसेच हे.

अमेरिकन आरमाराला हा जाच विशेष होता. आरमाराने निवृत्त झालेल्या ग्रेस हॉपर या विदुषीला १९६७ साली परत सेवेत बोलावून कोबोल एकरूप करण्याचे काम सोपविले. बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपदेश न करता कसोट्या लिहिल्या. संहितेतील एकेक कलम घ्यावे, ते पाळले गेले आहे की नाही हे उघड करणारी छोटी आज्ञावली लिहावी, अशा शेकडो आज्ञावल्यांचा संच प्रत्येक विक्रेत्याच्या यंत्रावर चालवावा आणि किती उतरल्या, किती फसल्या याचा तक्ता मांडावा. पुढे हे काम तेथील राष्ट्रीय मापन-संस्थेकडे गेले, आणि सरकारी खरेदीसाठी कसोटीचा दाखला मागितला जाऊ लागला. म्हणजे मीटर आणि किलोग्रॅम जपणाऱ्या संस्थेनेच भाषेचेही वजन करावयास घेतले. मला यात मोठे औचित्य वाटते. या परंपरेतील १९८५ च्या संहितेचा कसोटीसंच आजही वापरात आहे. ग्नू-कोबोल हा मोफत दुभाष्या त्यांतील ९,७०० हून अधिक कसोट्यांना उतरतो, असे त्याचे कर्ते अभिमानाने सांगतात.

अशी कसोटी लिहावयाची कशी? वरवर पाहता काम सोपे आहे. २०० गुणिले २०० करावयास सांगावे आणि उत्तर पडताळावे. पण शाळेतील परीक्षकही जाणतो की विद्यार्थ्याला काय येते एवढेच विचारून भागत नाही. जे चूक आहे त्याला तो चूक म्हणतो की नाही, हेही पाहावे लागते. पास्कल या भाषेसाठी इंग्लंडचे ब्रायन विचमन आणि टास्मानियाचे आर्थर सेल यांनी १९७९ साली जो कसोटीसंच प्रसिद्ध केला, त्यात ही दृष्टी फार स्पष्टपणे दिसते. तीनशेहून अधिक आज्ञावल्यांचा हा संच त्यांनी वर्गवार लावला होता. काही आज्ञावल्या निर्दोष, त्या चालल्याच पाहिजेत. काही मुद्दाम सदोष लिहिलेल्या, त्या दुभाष्याने नाकारल्याच पाहिजेत. काहींत चालता चालता चूक घडते, ती त्याने पकडली पाहिजे. जेथे संहितेने निर्णय दुभाष्यावर सोपविला आहे, तेथे पास-नापास न करता त्याने कोणता निर्णय घेतला एवढेच नोंदवून ठेवावयाचे. हाली की कलदार, तेवढी पाटी लावा, असेच म्हणा ना!

यांपैकी नाकारण्याच्या कसोट्या मला सर्वांत मोलाच्या वाटतात. उदार दुभाष्या प्रथम फार आवडतो. तो आपली चूक पोटात घालतो, हवी तशी सवलत देतो. टर्बो सीमध्ये पडदा पुसण्यासाठी एक जादा आज्ञा होती आणि आपल्याकडील मुलांना ती पहिल्याच धड्यात शिकविली जाई. ती संहितेतील नव्हे, त्या दुभाष्याने पदरची दिलेली. ती शिकलेला मुलगा दुसऱ्या दुभाष्यासमोर बसला की पहिल्याच ओळीला अडखळतो आणि आपल्याला सी येतच नाही, असे समजून खचतो. वस्तुतः त्याला सी आणि टर्बो सी यांतील सीमारेषा कोणी दाखविलेलीच नसते.

कसोट्या हजारोंच्या घरात गेल्या म्हणजे त्या हाताने चालविणे अशक्य होते. तेव्हा त्या चालविणारी, निकाल टिपणारी एक चौकट लागते. जी. सी. सी.साठी वापरली जाणारी डेजाग्नू ही अशीच चौकट. प्रत्येक कसोटीच्या माथ्यावर एका टिपणात लिहिलेले असते : हिचे नुसते भाषांतर करा, अथवा भाषांतर करून चालवून पाहा, अथवा अमुक ओळीवर अमुक अर्थाची हरकत निघाली पाहिजे. पुष्कळ कसोट्या आपले उत्तर आपणच तपासतात आणि ते चुकले तर जागच्या जागी कोसळून पडतात. चौकटीने फक्त कोसळली की नाही एवढे पाहावयाचे. निकालही केवळ 'उतरली' आणि 'फसली' असे दोनच नसतात. 'फसणार हे माहीतच होते आणि फसली' असा एक प्रकार असतो. दोष ठाऊक आहे, दुरुस्ती व्हावयाची आहे, अशा ठिकाणी तो शेरा पडतो. 'फसणार वाटले होते, पण उतरली' हाही एक, आणि तो दिसला की जाणता माणूस आनंदण्याआधी साशंक होतो. 'हे यंत्र या कसोटीस लागूच नाही' हा आणखी एक. आपल्या विद्यापीठांच्या गुणपत्रिकांत इतका प्रामाणिकपणा असता तर काय बहार झाली असती!

यावर कोणी विचारील, की परीक्षकाची परीक्षा कोणी घ्यावी? कसोटीत जे 'बरोबर उत्तर' लिहिले आहे, ते तरी बरोबर कशावरून? याचा एक मनोरंजक दाखला आहे. १९६४ साली डोनाल्ड क्नूथ यांनी अल्गोल ६० या भाषेच्या दुभाष्यांसाठी एक अवघी दहा-बारा ओळींची आज्ञावली प्रसिद्ध केली. स्वतःलाच पुनःपुन्हा बोलावणारी आणि दूरच्या खणांना हात घालणारी ही आज्ञावली खरे दुभाषे आणि कच्चे दुभाषे यांची पारख करील, असा त्यांचा हेतू. तिचे उत्तर कागदावर काढणे इतके किचकट, की खुद्द क्नूथ यांनी उणे १२१ असा अंदाज केला होता. खरे उत्तर निघाले उणे ६७! कसोटी उत्तम होती, तिच्या कर्त्याचा हिशेब मात्र चुकला. म्हणूनच आजच्या संचांत प्रत्येक अपेक्षित उत्तर संहितेतील कलमाशी ताडून पाहावे लागते, आणि त्यावर वाद होऊन कसोटीच बदलल्याचीही उदाहरणे घडतात.

शिवाय उतरलेली कसोटी फार थोडे सांगते. एडा या भाषेच्या बाबतीत अमेरिकन संरक्षण खात्याने फारच कडक धोरण ठेवले होते. कसोटीचा दाखला नसेल त्या दुभाष्याने ते नावही लावावयाचे नाही, असा दंडक होता. तो दाखला १९८३ साली सर्वप्रथम मिळविला न्यूयॉर्क विद्यापीठातील एका दुभाष्याने, आणि तो अतिशय मंद चाले. मंदपणा हा संहितेचा भंग नव्हे, त्यामुळे दाखल्याला बाध आला नाही.

त्याहून गंभीर अडचण अशी की माणसाने लिहिलेल्या कसोट्या माणसाला सुचतील तेवढ्याच. हे ओळखून यूटा विद्यापीठातील जॉन रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यंत्रालाच कसोट्या लिहावयास लावले. त्यांचे सी-स्मिथ हे साधन सी भाषेत वाटेल तशा, परंतु नियमांत बसणाऱ्या आज्ञावल्या आपोआप रचते. त्या पाच-सहा दुभाष्यांना देऊन उत्तरे ताडून पाहावयाची. चारांनी एक सांगितले आणि पाचव्याने दुसरे, तर पाचव्याची झडती घ्यावयाची. येथे बरोबर उत्तर आधी ठाऊक असण्याची गरजच नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, तोवर कोणाला ठाऊक नसलेले ३२५ हून अधिक दोष या रीतीने उघडकीस आले, आणि तपासलेल्यांपैकी एकही दुभाष्या निर्दोष निघाला नाही. त्यांत फ्रान्समधील झाव्हिए लरोआ यांचा कॉम्पसर्ट हा दुभाष्याही होता. त्याच्या मधल्या टप्प्यांची बिनचूकता गणिती सिद्धतेने आधीच दाखविलेली आहे. या टप्प्यांत मात्र, पुष्कळ खटपट करूनही, एकही दोष हाती लागला नाही.

सी-स्मिथ रचणाऱ्यांचा सर्वांत अधिक वेळ कशात गेला असेल? आपल्या १३-१४ सारखे प्रश्न टाळण्यात. ज्या आज्ञेला संहितेने अर्थच दिलेला नाही, ती कसोटीत शिरली तर दुभाष्यांच्या मतभेदातून काहीच निष्पन्न होत नाही. दोषी कोणीच नसतो आणि सारे श्रम वाया जातात. म्हणून असा प्रश्न कसोटीसंचात कोणी घातला तर तो तत्काळ बाहेर काढला जातो. आणि तोच प्रश्न आपल्या परीक्षांत, चार पर्याय देऊन, मोठ्या तोऱ्याने विचारला जातो. परीक्षकाने आपल्याजवळचा एक दुभाष्या चालवून जे उत्तर पाहिले, तेच तो भाषा समजून बसलेला असतो. ज्याने संहिता वाचली आहे आणि 'या ओळीला सी भाषेत उत्तर नाही' असे जो लिहितो, तो विद्यार्थी शून्यावर राहतो. हा अन्याय आहे, आणि तो दूर करावयास ना पैसा लागतो ना नवा कायदा. क्लँग ही ओळ पाहताच न विचारता हरकत घेतो. जी. सी. सी.ला सर्व सूचना देण्यास सांगितले तर तोही या क्रियेचा अर्थ अनिश्चित असल्याचे कळवितो. प्रश्नपत्रिका छापखान्यात जाण्यापूर्वी काढणाऱ्याने तिच्यातील प्रत्येक ओळ या दोन मोफत दुभाष्यांपुढे ठेवली तरी पुष्कळ काम होईल.

जी. सी. सी.च्या कसोटी-भांडारात डोकावले तर पुष्कळशा फायलींची नावे नुसत्या तारखा किंवा तक्रारींचे क्रमांक असतात. जगात कोठेतरी कोणाची तरी आज्ञावली चुकली, त्याने ती कमी करीत करीत पाचदहा ओळींवर आणून कळविली, दोष दुरुस्त झाला, आणि त्या पाचदहा ओळी तेथे कायमच्या राहिल्या. पुढच्या प्रत्येक आवृत्तीला त्यांच्यासमोरून जावे लागते. तक्रार कशी करावी याच्या सूचनाही सर्वांना खुल्या आहेत : दुभाष्याची आवृत्ती कळवा, त्याला कोणते पर्याय दिले ते कळवा, संपूर्ण आज्ञावली जोडा. त्याच सूचनांत, ज्या गोष्टी दोष नव्हेत त्यांचीही एक यादी आहे, आणि एका ओळीत एकाच खणात वारंवार एक मिळविण्याचा आपला प्रश्न तिच्यात आहे. तरी अशा तक्रारी येतच राहतात, आणि प्रत्येक वेळी त्या एकाच जुन्या तक्रारीला जोडून बंद केल्या जातात.